चीड

सियागंजात मुर्तझाभाई डब्याचं बूच काढतात
आणि शेजारच्या दुकानातली मिरची, हिंग, सुतळी
दोन पावलं मागं सरतात.
"चीड है, दीदी. पहाड़ का माल."
त्यांच्या भाषेत ते एक झाड.
माझ्या भाषेत नाही.
दर वेळी पैसे मोजताना मी क्षणभर थबकते.

घरी, रामबागेत, जेवणाच्या टेबलावर
तपकिरी बाटल्या भरते, लेबलं लिहिते.
लेबल अंगठ्याएवढं.
पुढच्या बाजूला सगळं नीट मावतं:
चोंदलेलं नाक, आखडलेले खांदे,
जानेवारीत दारं लावून बसलेल्या खोलीचा कोंदटपणा.
मागच्या बाजूला जे लिहायचं
ते मावत नाही, म्हणून बोलावं लागतं.

पाटनीपुऱ्याचा दुर्गेश, जिम चालवतो,
म्हणतो, तीनच थेंब? तीस टाकू ना, भिया, पैसे माझे.
त्याला सांगते, जिरावन पोह्यांवर भुरभुरतात,
जिरावनात पोहे कालवत नाहीत.
दुराफेकाकूंच्या नातवाला दमा.
त्याच्या खोलीत नको म्हटलं, तर काकू रुसल्या,
बाटली ठेवून गेल्या. जाऊ देत.
मांजर असलेल्या घरात हा दिवा लावू नका,
त्याच्या यकृताला हे पचत नाही म्हणतात.
मांजराला मी विचारलेलं नाही.
आणि पोटात एक थेंबही नाही.
"पण नैसर्गिक आहे ना?"
धोतराही नैसर्गिकच आहे, वहिनी.

पहिल्या वर्षी मला यातलं काही ठाऊक नव्हतं.
खोटं. ठाऊक होतं.
कोर्सच्या परीक्षेत या प्रश्नाला
पाचपैकी पाच मिळाले होते.
तरी अर्धी बाटली खिडकीत राहिली,
बूच सैल, अख्खा उन्हाळा.
दिवाळीनंतर आईचे गुडघे बोलू लागले
तेव्हा तीच उचलली, तशीच तळहातावर ओतली,
तिळाचं तेल आणायला स्वयंपाकघरापर्यंत
कोण जाणार.

"छान गार वाटतंय गं," आई म्हणाली.
सात रात्री म्हणाली.
आठव्या दिवशी ओटा पुसताना तिची साडी वर गेली
आणि पोटरीवर दिसला
विटकरी पट्टा, कडेला बारीक फोड,
बरोबर माझ्या चार बोटांच्या रुंदीचा.
"तुझा नवा धंदा," ती म्हणाली,
"म्हटलं, औषध आहे, चालायचंच."

उघडं राहिलेलं तेल हवेशी भांडत भांडत जुनं होतं
आणि मग जी कातडी समोर येईल
तिच्यावर काढतं.
चाळीस वर्षांत आईला मी चिडलेलं पाहिलं नव्हतं.
बाबांवर नाही, दोन वेळा बदललेल्या घरावर नाही,
माझ्यावर तर नाहीच.
ती चीड शेवटी उमटली तिच्याच अंगावर,
आणि चोळली मी.

त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. डाग गेला, बहुतेक.
उजेड तिरका पडला की मला अजून दिसतो.

आता प्रत्येक बाटलीवर आधी तारीख.
ती आई घालते, तिच्या तिरप्या मोडी वळणाच्या अक्षरात,
आणि बाटल्या कपाटात, अंधारात, बूच पिळून.
या संक्रांतीला नवा माल आला.
दोन मोठे चमचे तिळाचं तेल, त्यात सहाच थेंब,
आणि माझं कोपर पुढे करायच्या आत
आईनं आपलं केलं.
आतल्या बाजूला रुपयाएवढं लावलं.
बजावलं, काही झालं तर बोल.
गार वाटतंय म्हणू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून
ती म्हणाली,
"चुरचुरतंय. मला नाही आवडलं."

मी उठले. आधी कापसानं साधं तेल लावून पुसलं,
मग साबणानं धुतलं.
मला हसू का येत होतं ते तिला कळेना.

डबा परत केला तेव्हा मुर्तझाभाईंनी
नाकाशी धरून दोनदा पाहिला.
"माल तो ताज़ा है. खराबी क्या निकली?"

म्हटलं, आई बोलली.